अपेंडिक्स काढलं, पण त्याचा रिपोर्ट कुणी वाचला का?

कातळसडा

अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या माणसाला टाके किती पडले आणि बिल किती आलं हे नीट आठवतं. पण काढलेल्या अपेंडिक्सचा रिपोर्ट काय आला, असं विचारलं की तो शेजारी बसलेल्या नातेवाइकाकडे बघतो. कुणी म्हणतं, डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवलं होतं, चांगलंच सुजलेलं होतं. कुणी म्हणतं, बाटलीत घालून दिलं होतं, पुढचं काही माहीत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. तालुक्या-तालुक्यांतल्या नर्सिंग होममधून अशा बाटल्या आमच्या टेबलावर येतात. पण ज्या येतच नाहीत, आणि ज्यांचा रिपोर्ट तयार होऊनही कुणी न्यायला येत नाही, त्यांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्यासाठीच हा धागा काढते आहे.

आधी त्या बाटलीचं आमच्याकडे काय होतं ते सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की भिंगाखाली धरलं आणि बघितलं, एवढंच.

अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी, एका टोकाला बंद असलेली नळी. साधारण ६ ते १० सेंटीमीटर लांब. शरीरातून काढल्याबरोबर ती १० टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवायची असते, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. हे झालं नाही तर पेशी स्वतःच विरघळायला लागतात, आणि कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यात तर फारच लवकर. एकदा तसं झालं की जगातला कुठलाही पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्यातून नीट काही वाचू शकत नाही.

रात्रभर फॉर्मेलिन मुरलं की दुसऱ्या दिवशी आम्ही तो तुकडा बाहेर काढून मोजतो आणि न्याहाळतो. निरोगी अपेंडिक्स वरून गुळगुळीत, चकचकीत असतं. सूज आलेल्याची चमक जाते, रक्तवाहिन्या फुगून लाल रेषा उमटतात, वर पिवळट पांढरा पुवाचा थर बसलेला असतो. गँग्रीन झालेलं काळपट हिरवं दिसतं आणि हातात धरतानाच मऊ लागतं. कुठे भोक पडलंय का ते शोधायचं. मग कापायचं. सर्जनने जिथे बांधून कापलं तो बुंध्याचा काप वेगळा ठेवायचा, मधले एक-दोन आडवे काप घ्यायचे, आणि टोक उभं चिरून दोन्ही अर्धे घ्यायचे. आत घट्ट झालेला शौचाचा खडा, पू, जंत, चिकट बुळबुळीत द्रव असं काय सापडतं तेही लिहायचं. चिकट द्रव दिसला तर नमुन्यापुरते काप घेऊन भागत नाही, अख्खं अपेंडिक्स तपासायला घ्यावं लागतं.

हे काप अल्कोहोलमधून जातात, त्यांतलं पाणी निघतं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. मेणाची वडी थंड झाली की मायक्रोटोमवर ३ ते ४ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेच्या पट्टीवर उचलायचे, मेण काढायचं, रंग द्यायचा. पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी. तेव्हा कुठे स्लाइड मायक्रोस्कोपखाली येते.

बघायचं काय, तर नळीच्या भिंतीतल्या स्नायूच्या थरात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी शिरल्यात का. शिरल्या असतील तर तीव्र ॲपेंडिसायटिस पक्का. त्या फक्त आतल्या अस्तरात दिसल्या तर मी घाईने तसा शिक्का मारत नाही. आणि सूज फक्त बाहेरच्या आवरणावर असेल तर ती दुसरीकडून, बायकांमध्ये बऱ्याचदा गर्भनलिकेच्या जंतुसंसर्गातून आलेली असू शकते. म्हणजे अपेंडिक्स निघालं तरी मूळ दुखणं पोटातच राहिलं.

मुळात हा आजार जगाला कळला तोच पॅथॉलॉजीच्या टेबलावर. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी आणि शवविच्छेदनं तपासून दाखवलं की पोटाच्या उजव्या खालच्या भागातले हे जीवघेणे गळू अपेंडिक्सपासून सुरू होतात. 'अपेंडिसायटिस' हे नाव त्यांचंच. ते स्वतः पॅथॉलॉजिकल ॲनाटॉमी शिकवत.

आता खरा मुद्दा. बहुतेक वेळा रिपोर्ट अपेक्षेप्रमाणेच येतो. पण अधूनमधून त्या नळीत असं काही निघतं की ज्याची कल्पना रुग्णाला, सर्जनला, सोनोग्राफी करणाऱ्याला, कुणालाच नव्हती. क्षयाच्या गाठी. जंत. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ज्याला जुने डॉक्टर कार्सिनॉइड म्हणतात. म्युकस, म्हणजे चिकट बुळबुळीत द्रव, साठवून फुगलेली गाठ. यातल्या प्रत्येकाचं पुढे काहीतरी करावं लागतं, आणि ते रिपोर्ट वाचल्याशिवाय होत नाही.

कुणाचे अनुभव असतील तर लिहा. प्रश्न असतील तर विचारा.

सुरंगी

माझ्या भाच्याक गेल्या पावसात मध्यान रातीक पोटात दुखूक लागला, ओकारे काढूक लागलो. ऑपरेशन झाला, पोरगो बरो झालो. पण तो काढलेलो भाग तपासूक धाडलो की नाय, ता आमका कोणाकच म्हायत नाय. आता विचारला तर चालात काय?

कातळसडा

@सुरंगी, चालेल, आणि विचाराच. आधी घरी डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर खाली कुठेतरी 'एचपीआर अवेटेड' किंवा 'हिस्टोपॅथ रिपोर्ट येणे बाकी' असं लिहिलेलं असतं. असेल तर तुकडा गेला होता. मग ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे भाच्याचं नाव, तारीख आणि कार्डावरचा नंबर घेऊन जा. रिपोर्ट त्यांच्या फाइलला लागलेला असण्याची शक्यता खूप आहे.

हे इतक्या ठिकाणी का होतं तेही सांगते. माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर त्याहून लवकर. रिपोर्ट यायला तीन दिवस ते आठवडा लागतो. म्हणजे डिस्चार्ज होतो तेव्हा रिपोर्ट नसतोच. पूर्वी टाके काढायला तरी परत यावं लागायचं. आता टाके विरघळणारे असतात, नाहीतर गावातल्याच डॉक्टरकडे काढले जातात, कारण तेवढ्यासाठी दोन एसट्या बदलून तालुक्याला कोण जाणार? लावणी चालू असेल तर विचारूच नका. दवाखान्यातला माणूस फोन लावतो, तर डोंगराआड रेंज नाही. यात कुणी हयगय केली असं मी म्हणत नाही. पण तो कागद तिथेच राहतो आणि माणूस इथे.

सरळसोट

स्पष्ट विचारतो, राग मानू नये. पोट दुखत होतं, डॉक्टरने सोनोग्राफी केली, अपेंडिक्स काढलं, दुखणं थांबलं. मग परत त्या काढून टाकलेल्या तुकड्यावर खर्च कशाला? माझ्या वडिलांच्या वेळी लॅबचे वेगळे पैसे घेतले होते आणि रिपोर्टमध्ये 'ॲक्यूट ॲपेंडिसायटिस' एवढी एक ओळ. ते तर आम्हाला आधीच माहीत होतं. गरीब माणसाने प्रत्येक गोष्टीचे पैसे का भरावेत?

आंबाघाट

@सरळसोट, मी सर्जन आहे. तुमचा प्रश्न आमच्यातही चर्चेला येतो. काही देशांत असा विचार मांडला जातो की सर्जनने अपेंडिक्स नीट बघून, चाचपून, संशय वाटला तरच पाठवावं. त्यातला खर्चाचा मुद्दा खोटा नाही.

पण मी स्वतः प्रत्येक अपेंडिक्स पाठवतो. टोकाशी ४-५ मिलिमीटरची गाठ असते तेव्हा ती सुजलेल्या, पुवाने भरलेल्या नळीत बोटांना लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. कित्येक वेळा सूज येण्याशी त्या गाठीचा संबंधही नसतो, ती तिथे आपली असते. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर ठरवायचं म्हटलं तर नेमकी हीच निसटणार. तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या बिलापुढे फार लहान आहे, आणि सरकारी रुग्णालयात तर तोही भार रुग्णावर सहसा पडत नाही. विम्याचा क्लेम असेल तर कंपनीही बहुधा हा रिपोर्ट मागतेच.

कातळसडा

डॉक्टरांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालते. कार्सिनॉइड हे नाव म्युनिकचे पॅथॉलॉजिस्ट ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये दिलं. 'कर्करोगासारखा, पण तेवढा आक्रमक नाही' अशा अर्थाने. आता त्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. काढलेल्या अपेंडिक्समध्ये त्याचं प्रमाण शेकडा एकापेक्षाही कमी, आणि बहुतेक वेळा गाठ टोकाशी असते. म्हणूनच टोक उभं चिरायचा आमचा नियम. फॉर्मेलिनमध्ये राहिल्यावर ती पिवळसर दिसते, कापताना सुरीलाही घट्ट लागते.

घाबरण्यासारखं यात फार कमी आहे, हे मुद्दाम सांगते. गाठ १ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल आणि बुंध्याची कड मोकळी असेल, म्हणजे तिथवर गाठ पोचलेली नसेल, तर अपेंडिक्स काढलं तोच इलाज, पुढे काही करावं लागत नाही. २ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा भागही काढावा लागतो. मधल्या मापाच्या गाठींत ती कुठे आहे, किती खोल गेली, पेशी किती वेगाने वाढताहेत हे बघून ठरतं. आता सांगा @सरळसोट, हे माप घेतलंच नाही तर कुठला रुग्ण कुठल्या गटात गेला हे कसं कळणार?

तुमच्या वडिलांचा एका ओळीचा रिपोर्ट मात्र मलाही पटत नाही. रिपोर्टमध्ये लांबी, जाडी, भोक आहे की नाही, बुंध्याच्या कडेची स्थिती, आणि क्षय, जंत, गाठ दिसली की नाही, एवढं तरी असायलाच हवं. पैसे घेतलेत तर ते लिहिणं आमचं काम आहे.

रानमेवा

माझ्या मुलीचा अनुभव. वय ९. दोन दिवस बेंबीच्या उजवीकडे दुखणं, ताप नाही. सोनोग्राफीत अपेंडिक्स ७ मिलिमीटर जाड, म्हणून काढलं. रिपोर्ट आला त्यात लिहिलं होतं की पोकळीत एन्टेरोबियस जंत दिसले, भिंतीला सूज नाही. सर्जनने सांगितलं, काढलंय, आता काळजी नको. मी रिपोर्ट आमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवला तेव्हा त्यांनी घरातल्या सगळ्यांना औषध दिलं. सासूबाईंना ते पटेना. पोरीचं अपेंडिक्स काढलं आणि गोळ्या आम्हाला का?

कातळसडा

@रानमेवा, तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी अगदी बरोबर केलं. हा बारीक पांढरा दोऱ्यासारखा जंत. त्याचं मुख्य घर मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, म्हणजे अपेंडिक्सच्या दाराशीच. काही जंत आत शिरतात एवढंच. अपेंडिक्स काढल्याने बाकीचे जात नाहीत. मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते, तिथे खाज सुटते, नखांत अंडी अडकतात, तिथून चादरी, कपडे, भावंडं. त्यामुळे औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी परत. मात्रा डॉक्टर वयाप्रमाणे सांगतील, आणि घरात कुणी गरोदर असेल तर त्यांना आधी विचारूनच. नखं कापणं आणि चादरी गरम पाण्यात धुणंही त्यातच आलं.

स्लाइडमध्ये हा ओळखायला सोपा. आडवा छेद गोल दिसतो आणि दोन्ही कडांना एक-एक काट्यासारखं टोक. अंडी एका बाजूने चपटी. भिंतीत सूज नसतानाही अपेंडिक्ससारखं दुखतं ते जंतांच्या हालचालीने आणि अडथळ्याने होत असावं असं मानतात. अशा मुलाचा रिपोर्ट फाइलमध्येच पडून राहिला तर ऑपरेशनची खूण पोटावर राहते आणि जंत घरभर फिरत राहतात.

कुर्ली

माझं वेगळंच आहे. बायकोचं अपेंडिक्स घाईघाईने काढलं, रात्री साडेअकराला. नंतर रिपोर्ट आला, त्यात तीव्र सुजेची चिन्हं नाहीत, लिम्फॉइड हायपरप्लेशिया. मी विचारलं तर मला उडवाउडवीची उत्तरं मिळाली. दवाखान्याचं नाव घेत नाही. पण सरळ अर्थ हाच ना की चांगलं अपेंडिक्स काढलं? मी तक्रार करायच्या विचारात आहे.

आंबाघाट

@कुर्ली, उडवाउडवी व्हायला नको होती. तो राग रास्त आहे. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ऑपरेशन फसवणुकीचं होतं, असं त्यातून निघत नाही.

उजव्या खालच्या पोटात दुखणं, उलट्या, ताप, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, हे सगळं अपेंडिक्सशिवायही होतं. आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी सुजतात, बायकांत बीजकोशाची गाठ पिळते किंवा फुटते, मुतखडा खाली सरकतो. म्हणून तरुण बायकांमध्ये निरोगी अपेंडिक्स निघण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. सोनोग्राफी आणि सीटी आल्यापासून ते बरंच घटलं, पण आमच्या भागात रात्री अकराला सीटी कुठे मिळणार? जवळचं मशीन दोन घाट ओलांडून. त्या वेळात अपेंडिक्स फुटलं आणि पू पोटभर पसरला तर माणूस हातचा जातो. सर्जनला त्या अंधारात निर्णय घ्यायचा असतो.

तुम्ही विचारायचे प्रश्न असे: ऑपरेशनच्या वेळी बीजकोश बघितले का? शेवटचं लहान आतडं बघितलं का? ऑपरेशन नोट्सची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि दुखणं परत आलं का हे मला सगळ्यात आधी कळायला हवं.

कुर्ली

परत एकदा आलं होतं, महिन्याभराने. कमी होतं. त्यानंतर नाही.

कातळसडा

@कुर्ली, मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडून एकदा सोनोग्राफी करून घ्या, तोच रिपोर्ट सोबत नेऊन. दुखणं पाळीच्या मधल्या दिवसांत आलं होतं का तेही त्यांना सांगा. 'नॉर्मल' आलेला रिपोर्ट वाया गेलेला नसतो, दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधा असं तो सांगत असतो.

लिम्फॉइड हायपरप्लेशिया म्हणजे भिंतीतल्या रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके वाढणं. मुलांत आणि तरुणांत ते खूप दिसतं, कुठल्याशा विषाणूनंतरही होतं. माझ्या मते यापेक्षा जास्त नुकसान करणारा शब्द 'क्रॉनिक ॲपेंडिसायटिस' आहे. काहीच सापडलं नाही की कुणी-कुणी हा शब्द लिहून मोकळं होतं. सर्जनला बरं वाटतं, नातेवाइकांना बरं वाटतं, आणि खरं दुखणं तपासायचं राहून जातं. मी जे दिसलं तेच लिहिते, आणि काही दिसलं नसेल तर तसंच लिहिते. त्यावरून फोन आले तरी.

पांढरीटोपी

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, बरीच वर्षं. बाटलीबद्दल सांगते, कारण सुरुवात तिथून होते. अरुंद तोंडाच्या बाटलीत तुकडा कोंबायचा नाही. ताजा असतो तेव्हा आत जातो, फॉर्मेलिनमध्ये कडक झाला की बाहेर येत नाही, मग ओढाताणीत फाटतो. रुंद तोंडाची बरणी घ्यायची. सलाइनमध्ये किंवा नुसत्या पाण्यात ठेवायचा नाही. आणि नावाची चिठ्ठी झाकणावर कधीच नाही. बरणीच्या अंगावर. एकाच टेबलावर दोन झाकणं उघडली की अदलाबदल व्हायला क्षण पुरतो.

पूर्वी मी जिथे होते तिथे तुकडा नातेवाइकाच्या हातात द्यायचे, लॅबला पोचवा म्हणून. माणूस रात्रभर जागा, पेशंटचं टेन्शन, खिशात पैसे नाहीत. बाटली बाकाखाली राहून गेलेली मी बघितली आहे. आता आम्ही रजिस्टर ठेवतो: कुठला तुकडा, कुणी घेतला, सही, रिपोर्ट आल्याची तारीख, पेशंटला दिल्याची तारीख. शेवटचा रकाना रिकामा असेल तर दर शनिवारी फोन.

कातळसडा

@पांढरीटोपी, तुमच्या शेवटच्या रकान्यासाठी मनापासून धन्यवाद. प्रत्येक दवाखान्यात तो असता तर हा धागा काढावाच लागला नसता.

एक जोड. सर्जनला आतड्याचा क्षय वाटत असेल तर तुकड्याचा छोटा भाग फॉर्मेलिनमध्ये न घालता निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा, लगेच पाठवायचा. फॉर्मेलिनने जंतू मरतात, त्यावर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची चाचणी, होत नाही. बाकीचा नेहमीप्रमाणे फॉर्मेलिनमध्ये. आपल्याकडे पोटाचा क्षय दुर्मीळ नाही आणि त्याची आवडती जागा नेमकी लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, म्हणजे अपेंडिक्सच्या शेजारीच. स्लाइडमध्ये मधोमध सडलेला भाग असलेल्या गाठी आणि कडेने केंद्रकांची नालाकार रांग असलेल्या मोठ्या पेशी दिसल्या की मी त्याच दिवशी फोन करते, रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही. औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, साधारण सहा महिने. पण कुणीतरी ती सुरू करायला हवीत.

खाडीकाठचे_गुरुजी

निवृत्त शिक्षक. गुहागरकडचा. विषयाला धरून एक विचारतो. आमच्या जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा एक परजीवी सापडला होता, १९५२ सालची गोष्ट असं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं. त्यावर डॉक्टरांनी संशोधनही केलं होतं. तो अपेंडिक्समध्ये येऊ शकतो का?

कातळसडा

गुरुजी, हे तुम्ही काढलंत म्हणून फार बरं वाटलं. गिमवीचं नाव परजीवींच्या अभ्यासात जगभर आहे. तो शिस्टोसोमा. गोड्या पाण्यातल्या फेरिसिया नावाच्या छोट्याशा गोगलगायीतून त्याची पिल्लं पाण्यात येतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. भारतात माणसांत त्याचा असा स्थानिक ठिकाणा म्हणून गिमवीचीच नोंद प्रसिद्ध आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, येऊ शकतो. इजिप्त, सुदान आणि आफ्रिकेतल्या इतर देशांत, तसंच येमेनमध्ये, जिथे हा आजार खूप आहे, तिथे काढलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत त्याची अंडी सापडतात. एका जातीच्या अंड्याला टोकाशी काटा असतो, दुसरीला बाजूला. कधी अंडी चुन्यासारखी कडक होऊन पडलेली असतात, भोवती जुना व्रण. आमच्या आजच्या कामात तो क्वचितच मनात येतो. आणि म्हणूनच मला सांगितलं गेलं पाहिजे.

दर्यावर्दी

@कातळसडा, 'सांगितलं गेलं पाहिजे' म्हणजे काय? मी बोटीवर आहे, पूर्व आफ्रिकेच्या बंदरांत नेहमी जाणं. आमच्या गावातली निम्मी घरं आखातात नाहीतर बोटीवर.

कातळसडा

@दर्यावर्दी, तुकड्याबरोबर एक फॉर्म येतो. त्यावर बहुधा नाव, वय आणि 'अपेंडिक्स' एवढंच असतं. तिथे "बोटीवर काम, आफ्रिकेत येणं-जाणं, तिथे नदी-तळ्यात उतरणं" असं लिहिलं असेल तर मी जास्त काप घेईन आणि अंडी शोधीन. तसंच आधी क्षय झाला होता का, गरोदरपण आहे का, दुखणं किती दिवसांचं, आधी अँटिबायोटिक घेतलं का, हेही हवं. डॉक्टर गडबडीत असतील तर तुम्ही स्वतः सिस्टरना सांगा, त्या लिहून घेतील.

सरळसोट

वाचतो आहे. माझा विरोध बराच कमी झाला. एकच राहिलं. हल्ली अँटिबायोटिकवर अपेंडिक्स बरं होतं म्हणतात. मग तुकडाच नाही, तर तपासणार काय?

आंबाघाट

चांगला प्रश्न. साध्या, न फुटलेल्या, आत खडा नसलेल्या अपेंडिक्सला अँटिबायोटिक हा खरा पर्याय आहे. २०२० साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिकवर ठेवलेल्या दर १० जणांपैकी साधारण तिघांना ९० दिवसांत ऑपरेशन लागलं. म्हणजे सात जणांचं त्या मुदतीत तरी टळलं. बोटीवरच्या माणसाला किंवा जिथून दवाखाना चार तासांवर आहे अशा माणसाला ते उरलेले तीन कोण हा विचार करावा लागतो.

पण वय ४० च्या पुढे असेल आणि अपेंडिक्सभोवती गळू होऊन गोळा झाला असेल तर मी सावध होतो. फिनलंडमध्ये अशा गळूच्या रुग्णांवर अभ्यास चालू होता: अर्ध्यांचं अपेंडिक्स नंतर काढायचं, अर्ध्यांवर नुसती नजर ठेवायची. त्यात गाठी इतक्या निघाल्या, आणि सगळ्या चाळिशीपुढच्यांत, की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणून अशा रुग्णाला गोळा विरल्यावर मी "बरं वाटतंय ना, मग राहू दे" म्हणत नाही. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) आणि मागाहून ऑपरेशन यावर बसून बोलतो.

वाशिष्ठी

उशिरा लिहिते आहे. सगळं वाचून पोटात कालवाकालव झाली. माझ्या नणंदेचं अपेंडिक्स २०१९ मध्ये काढलं. रिपोर्टमध्ये 'म्युसिनस' असा काहीतरी शब्द होता आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं होतं. एकदा दाखवलं, ठीक म्हणाले. मग कोविड आला. मग २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर. आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. फाइल, सोनोग्राफी, रिपोर्ट, सगळ्याचा लगदा. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडचे कागदही गेले. ती आता चांगली आहे, काही त्रास नाही. तरी काही करायला हवं का? आणि रिपोर्टच नाही तर काय दाखवायचं?

कातळसडा

@वाशिष्ठी, काळजी वाटणं साहजिक आहे, पण हातात करण्यासारखं आहे. कागद गेला तरी मेणाचा ब्लॉक गेला असेलच असं नाही. ज्या मेणाच्या वड्या मी सुरुवातीला सांगितल्या त्या आणि स्लाइड लॅब बरीच वर्षं जपून ठेवते. तुकडा चिपळूणमध्येच तपासला होता की बाहेर पाठवला होता?

वाशिष्ठी

कोल्हापूरला पाठवला होता. त्या लॅबचं नाव मला आठवतंय, कारण मीच पैसे भरले होते.

कातळसडा

मग उत्तम. पूर कोल्हापुरातही आला होता, पण लॅबच्या नोंदी वाचलेल्या असू शकतात. त्या लॅबला फोन करा आणि हे सांगा: रुग्णाचं नाव, वय, ऑपरेशनचा महिना, सर्जनचं नाव. त्यांच्या रजिस्टरमध्ये बायॉप्सी नंबर सापडेल. रिपोर्टची प्रत मागा. आणि सर्जन सांगतील तर ब्लॉक आणि स्लाइडही दुसऱ्या मतासाठी मागता येतात, अर्ज आणि ओळखपत्र देऊन.

'म्युसिनस' या एका शब्दावरून मी काही ठरवणार नाही. साधा म्युकस साठलेला असू शकतो, किंवा सावकाश वाढणारी म्युसिनस गाठ, जी फुटली तर वर्षानुवर्षांनी पोटात चिकट द्रव साठवते. रिपोर्टमध्ये बघायच्या ओळी तीन: गाठ भिंतीबाहेर आली होती का, बाहेरच्या आवरणावर म्युकस होता का, बुंध्याची कड मोकळी होती का. दरम्यान रिपोर्टची वाट न बघता पोटाच्या सीटीबद्दल सर्जनशी बोला.

वाशिष्ठी

आत्ताच फोन केला. तिच्या नावाची नोंद नाही म्हणतात.

कातळसडा

ऑपरेशन लग्नाआधी झालं होतं की नंतर? आधीचं असेल तर माहेरच्या नावाने शोधायला सांगा. तरी नाही सापडलं तर सर्जनच्या नावाखाली त्या महिन्यात आलेल्या सगळ्या अपेंडिक्सच्या नोंदी बघायला सांगा. गावठी उच्चारामुळे नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं, वय मात्र सहसा बरोबर असतं.

वाशिष्ठी

लग्नाआधी दोन महिने. माहेरच्या नावाने सापडलं. नंबर मिळाला. उद्या माझा दीर कोल्हापूरला जातोय, तिचं आधार आणि माहेरच्या नावाचं रेशन कार्ड घेऊन. रिपोर्ट आला की त्या तीन ओळी इथे टाइप करते.